थांबून राहिलेला स्वर

आपल्या गायनवृंदांच्या वह्या चाळल्या, तर गीताच्या ओळींवर गिटारवादकाने बारीक अक्षरांत लिहून ठेवलेली कॉर्डची नावे आढळतात. त्यांत मधूनच एखाद्या नावापुढे 'सस' अशी दोन अक्षरे असतात. कोठे 'सस-फोर', कोठे 'सेव्हन सस-फोर'. वादकाची बोटे तेथे सवयीने पडतात. क्षणभर सारे गीत अधांतरी झाल्यासारखे वाटते आणि पुढच्या ठोक्याला सूर पुन्हा जमिनीवर टेकतो. 'सस' हे 'सस्पेंडेड' या शब्दाचे लघुरूप होय. कचेरीतला माणूस सस्पेंड झाला म्हणजे त्याचे काय होते, हे आपण सारे जाणतो. परंतु संगीतातला स्वर सस्पेंड होतो म्हणजे नेमके काय होते, त्याला कोणी आणि कशासाठी टांगून ठेवले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

आमच्या मते तो विचारण्याजोगा आहे. त्याच्या उत्तरात पाच-सहा शतकांचा इतिहास दडलेला आहे आणि त्याचा मोठा भाग चर्चच्या गायनकक्षांत घडलेला आहे. धर्मगुरू, संन्यासी, ऑर्गनवादक आणि गायक यांनी पिढ्यान्पिढ्या ज्या गोष्टीवर वाद घातला, नियम रचले आणि ते मोडलेही, तिचेच आजचे नाव 'सस' असे आहे. या इतिहासाचे सार थोडक्यात सांगायचे, तर सस्पेंडेड स्वर हा मुळात चुकीचा स्वर नव्हे. तो आधी बरोबरच होता. भोवतालचे स्वर हलले, आणि तो मात्र जागेवर थांबून राहिला.

गंधाराच्या जागी मध्यम

प्रथम ही वस्तू ओळखून घेऊ. पाश्चात्त्य संगीताची परिभाषा ज्यांना परकी वाटते त्यांनी हार्मोनियम पुढे घ्यावी. सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम वाजविले की जी भरीव, प्रसन्न गोडी ऐकू येते, ती मेजर कॉर्ड. शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार घेतला की तीच कॉर्ड उदास होते आणि मायनर म्हणविते. अर्थात कॉर्डचा स्वभाव ठरविणारा स्वर गंधार होय. आता गंधार सोडून द्यावा आणि त्याच्या जागी मध्यम घ्यावा: सा, म, प. ही 'सस-फोर'. गंधाराऐवजी ऋषभ घेतला, तर सा, रे, प ही 'सस-टू'. आणि सा, म, प यांच्यावर कोमल निषाद चढविला की चार स्वरांची 'सेव्हन सस-फोर' तयार होते. गंधारच नसल्यामुळे ही कॉर्ड ना प्रसन्न असते, ना उदास. तिच्या अधांतरीपणाचे हे पहिले कारण.

दुसरे कारण मध्यम आणि पंचम यांच्या शेजारधर्मात आहे. षड्जाच्या दोन कंपनांच्या वेळात पंचमाची तीन होतात. षड्जाच्या तीन कंपनांच्या वेळात मध्यमाची चार होतात. ही प्रमाणे साधी आहेत, म्हणूनच आपल्या शास्त्राने षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम ह्या दोन्ही भावांना संवादाचे स्थान दिले. परंतु मध्यम आणि पंचम हे परस्परांचे निकटचे शेजारी. त्यांचे प्रमाण आठास नऊ, आणि एकदम वाजले की त्यांची एकमेकांशी कुरबुर चालते. म्हणजे षड्जाशी दोघांचेही सख्य, पण आपापसांत घर्षण. कोणताही एक स्वर येथे दोषी नाही. विसंवाद आहे तो नात्यात आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

चौथ्या स्वराची पदच्युती

पाश्चात्त्य चर्चसंगीत प्रारंभी एकसुरी होते. ज्याला आपण ग्रेगोरियन गायन म्हणतो त्यात सारे गायक एकच चाल गातात. 9 व्या शतकाच्या उत्तरार्धातील 'म्युझिका एंकिरियादिस' नावाच्या लॅटिन ग्रंथात मात्र एक नवी रीत वर्णिलेली आढळते. मूळ चालीबरोबर तीच चाल चौथ्या किंवा पाचव्या स्वरावरून दुसऱ्या गायकाने गावी, अशी ती रीत. तिला ऑर्गानुम म्हणत. त्या काळी अष्टक, पंचम आणि चतुर्थ ही तीन अंतरे पूर्ण संवादी मानली जात. पुढे 1200 च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दामच्या परिसरात पेरोतँ या रचनाकाराने चार आवाजांची भव्य गीते रचली. त्यांतही विसाव्याच्या जागी हीच अंतरे येतात. पोप 22 वे जॉन यांनी 1324-25 च्या सुमारास काढलेल्या आदेशात नव्या पद्धतीच्या अलंकारिक गायनाला आळा घातला. तरी सणासुदीस मूळ चालीवर अष्टक, पंचम आणि चतुर्थ यांची जोड देण्यास त्यांनी मुभा ठेवली.

त्यानंतर मात्र कानांची आवड पालटली. 15 व्या शतकाच्या पूर्वार्धात डन्स्टेबल आदी इंग्रज रचनाकारांच्या संगीतातील गंधाराची गोडी युरोपभर पसरली. जो गंधार पूर्वी अपूर्ण संवादी म्हणून मागच्या रांगेत बसत असे, तो पुढे आला. आणि जो मध्यम मानाच्या आसनावर होता तो, तळाच्या स्वरावर उभा असताना, विसंवादी ठरला. ध्वनीच्या निसर्गात काहीच बदलले नव्हते. तीन-चाराचे प्रमाण तेच होते. बदलली होती ती भोवतालची मंडळी. गंधार शेजारी येऊन बसल्यावर मध्यमाला तेथे निश्चिंत राहता येईना. तो गंधाराकडे उतरू पाहतो, असे कानांना वाटू लागले.

तयारी, विसंवाद, उकल

विसंवाद नकोसा म्हणून तो सर्वस्वी हद्दपार करावा, असे मात्र कोणालाच वाटले नाही. निव्वळ संवाद फार वेळ चालला की संगीत पुढे सरकतच नाही, हा अनुभव जुनाच. म्हणून विसंवादाला शिस्त लावण्याचे काम सुरू झाले. नेपल्सच्या राजदरबारी असलेल्या योहानेस तिंक्तोरिस या विद्वानाने 1477 मध्ये काउंटरपॉइंटवर, म्हणजे आवाजास आवाज जोडण्याच्या कलेवर, ग्रंथ लिहिला आणि विसंवादी स्वर केव्हा व कसा घ्यावा याचे नियम सांगितले. त्याचे नव्या शिस्तीवर इतके प्रेम होते की, मागील चाळीस वर्षांपूर्वीचे कोणतेही संगीत ऐकण्याच्या योग्यतेचे नाही, असा अभिप्राय त्याने प्रस्तावनेतच नोंदविला आहे. पुढे फ्रान्सिस्कन संन्यासी जोसेफो झार्लिनो यांनी 1558 मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात हे शास्त्र अधिक विस्ताराने मांडले.

त्या शास्त्राचा गाभा तीन पायऱ्यांचा आहे. एका साध्या उदाहरणावरून तो ध्यानी येईल. तळाचा आवाज मध्यमावर आहे आणि वरचा आवाज तार षड्जावर. मध्यमापासून षड्ज हा पाचवा स्वर. दोघांत संपूर्ण संवाद आहे. ही पहिली पायरी, तयारी. आता तळाचा आवाज मध्यमावरून पंचमावर जातो. वरचा गायक मात्र आपला षड्ज सोडीत नाही. पंचमापासून षड्ज हा चौथा स्वर. तो आता विसंवादी झाला. ही दुसरी पायरी, आणि ती तालाच्या जोरकस ठोक्यावर पडली पाहिजे. नंतर वरचा गायक एक पायरी खाली उतरून निषादावर येतो. निषाद हा पंचमाचा गंधार, कुरबुर थांबते. ही तिसरी पायरी, उकल. पुढच्या क्षणी सारे आवाज षड्जावर परततात आणि गीत संपते.

यातील मौज अशी की, जो स्वर येथे अडचणीत येतो तो षड्ज आहे. सबंध गीताचा मालक, घरचा स्वर. त्याने काहीच केलेले नाही. तो होता तेथेच आहे. तळाची जमीन सरकली आणि तो आपल्याच घरात परका ठरला. म्हणूनच त्याला 'टांगलेला' म्हणतात. फ्रेंच भाषेत याच क्रियेला 'रतार', म्हणजे विलंब, असे नाव आहे, तर जर्मन भाषेत 'फोरहाल्ट', म्हणजे पुढ्यात धरून ठेवलेला. मराठीत आम्ही त्यास लंबित स्वर म्हणू.

त्या काळचे गायक आजच्यासारखी सर्व आवाजांची एकत्रित लिपी समोर ठेवून गात नसत. मोठ्या गायनग्रंथाच्या उघडलेल्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्र जागी लिहिलेली असे, किंवा प्रत्येक आवाजाची पुस्तिकाच निराळी असे. त्यामुळे लंबित स्वर गाणाऱ्याला आपल्या पानावर दिसे तो केवळ एक लांबट स्वर. कोणाशी आपली धडक होणार आहे हे कागदावर दिसत नसे. ते फक्त ऐकू येई. धडक ऐकू आल्यावरही डगमगून स्वर सोडायचा नाही, आणि उकलीची वेळ आली की हट्टाने धरूनही ठेवायचा नाही, ही दुहेरी शिस्त त्याच्या अंगी बाणलेली असे.

ही शिस्त परिपूर्णतेला नेली ती पालेस्त्रिना यांनी. सुमारे 1525 मध्ये जन्मलेल्या आणि 1594 मध्ये रोममध्ये निधन पावलेल्या या रचनाकाराच्या संगीतात विसंवाद भरपूर आहेत, परंतु जोरकस ठोक्यावरचा विसंवाद बहुधा तयारी करून आलेला आणि उकल घेऊन गेलेलाच असतो. ट्रेंटची परिषद चर्चमधून अनेकस्वरी संगीत काढून टाकण्याच्या बेतात होती आणि पालेस्त्रिनांच्या 'पोप मार्सेलुस मिस्सा'ने ते वाचविले, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. इतिहासाच्या कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही. परिषदेने 1562 मध्ये घेतलेला निर्णय एवढाच होता की, उपासनेच्या संगीतात असभ्य आणि अपवित्र असे काही मिसळू नये. परंतु कथेमागील तथ्य असे की, या मिस्सातले शब्द स्पष्ट कळतात आणि त्यातले विसंवाद शब्दांच्या आड येत नाहीत. पुढे 1725 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारातील योहान योसेफ फुक्स यांनी गुरू-शिष्याच्या संवादरूपाने लॅटिनमध्ये जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यातील गुरू म्हणजे पालेस्त्रिनाच होत. त्यातल्या पाच पाठांपैकी चौथा पाठ सर्वस्वी लंबित स्वरांचा आहे. हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हेन या तिघांनीही हे पुस्तक अभ्यासले.

कॅननचा आक्षेप

नियम पक्का झाला की तो मोडणारा येतोच. बोलोन्याचे कॅनन जोव्हान्नी मारिया आर्तुसी यांनी 1600 मध्ये 'आधुनिक संगीताच्या उणिवां'वर ग्रंथ लिहिला आणि नाव न घेता एका नव्या रचनाकाराची झाडाझडती घेतली. आरोप असा की, हा गृहस्थ तयारीवाचूनच विसंवाद घेतो. दार न ठोठावता घरात शिरतो. तो गृहस्थ म्हणजे क्लाउदियो मोन्तेव्हेर्दी. त्यांनी 1605 मध्ये आपल्या मॅड्रिगल गीतांच्या पाचव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत थोडक्यात, आणि 1607 मध्ये त्यांच्या भावाने सविस्तर, असे उत्तर दिले की पद्धती दोन आहेत. पहिलीत संगीत हे शब्दांचे स्वामी असते. दुसरीत शब्द हे संगीताचे स्वामी असतात. दुःख अवचित येते तेथे विसंवादही अवचित का येऊ नये?

आर्तुसींना हटवादी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. तयारीविना आलेला विसंवाद कानाला धक्का देतो, पण धक्का वारंवार मिळाला की तो धक्का राहत नाही, ही त्यांची चिंता पोकळ नव्हती. मोन्तेव्हेर्दी यांनीही तयारी-उकलीची जुनी विद्या टाकून दिली नव्हती. 1613 मध्ये ते व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकाचे संगीतप्रमुख झाले, 1632 मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, आणि दोन्ही पद्धतींत ते अखेरपर्यंत लिहीत राहिले.

वस्तू की घटना?

याच सुमारास आणखी एक बदल घडत होता. ऑर्गनवादकाला सर्व आवाज लिहून देण्याऐवजी केवळ तळाची ओळ द्यावी आणि तिच्यावर अंक घालावेत, अशी सोय निघाली. फ्रान्सिस्कन संन्यासी व्हियादाना यांचा 1602 मध्ये छापलेला चर्चगीतांचा संग्रह या बाबतीत अग्रेसर मानला जातो. या अंकलिपीत लंबित स्वर अंकांच्या जोडीने लिहू लागले. चार-तीन म्हणजे तळापासूनचा चौथा स्वर तिसऱ्यावर उतरतो; सात-सहा म्हणजे सातवा सहाव्यावर; नऊ-आठ म्हणजे नववा आठव्यावर. लंबित स्वर स्वतःच तळाशी असेल तर वरच्या स्वराचा आकडा दोनाचा तीन होतो, कारण खालचा उतरला की अंतर वाढते. आकडे जोडीने लिहिले जात, यातच सारे आले. एकटा चार म्हणजे अपुरे वाक्य.

1722 मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ कॅथेड्रलचे ऑर्गनवादक जाँ-फिलिप रामो यांनी हार्मनीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि एक क्रांतिकारक सिद्धांत मांडला. सा-ग-प ही कॉर्ड आहे. गंधार तळाशी घेऊन ग-प-सा केले किंवा पंचम तळाशी घेऊन प-सा-ग केले, तरी कॉर्ड तीच, मूळ स्वर षड्जच. तळ बदलण्याच्या या क्रियेला आज आपले वादक इन्व्हर्शन म्हणतात. चार स्वरांच्या कॉर्डला मूळ रूपाखेरीज अशी तीन रूपे होतात. या एका कल्पनेने शेकडो नियमांचा गुंता सुटला. पण लंबित स्वर तीत नीटसा बसेना. त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी रामो यांना कॉर्डच्या खाली आणखी एक स्वर कल्पावा लागला. बाख यांचे शिष्य किर्नबर्गर यांनी 1771 मध्ये निराळा तोडगा सुचविला. विसंवाद दोन प्रकारचे: एक कॉर्डच्या अंगचा, दुसरा आगंतुक. कोमल निषाद हा अंगचा, त्याची उकल व्हायला कॉर्डच बदलावी लागते. लंबित मध्यम हा आगंतुक. तळ न हलताही त्याची उकल होऊ शकते, आणि त्याला वगळले तरी कॉर्डला धक्का लागत नाही.

म्हणजे प्रश्न असा होता: सस्पेंडेड कॉर्ड ही एक वस्तू आहे की एक घटना? 18 व्या शतकाचे उत्तर बहुधा 'घटना' असेच होते. ती घडते, आणि घडून संपते. या घटनेत दुःख किती खोल साठविता येते, हे याच शतकाने दाखविले. व्हेनिसचे अंतोनियो लोत्ती यांच्या आठ आवाजांच्या 'क्रूचिफिक्सुस'मध्ये तळापासून एकेक आवाज वर चढत येतो, आधीच्या आवाजाला टेकतो, आणि त्या घर्षणाने आधीचा आवाज खाली झुकतो. प्रभूला क्रुसावर खिळल्याचे जे शब्द आपण क्रीडोमध्ये दर रविवारी म्हणतो, त्यांचा भार तेथे ऐकू येतो. पेर्गोलेसी यांनी 1736 मध्ये, वयाच्या अवघ्या 26 व्या वर्षी, मृत्यूपूर्वी पूर्ण केलेल्या 'स्ताबात मातेर'चा प्रारंभही असाच आहे: दोन आवाज एकमेकांच्या अगदी लगत, एक थांबलेला, दुसरा येऊन टेकलेला, पहिला एक पायरी उतरतो आणि पुन्हा तेच. क्रुसाखाली उभी असलेली माता जागची हलत नाही. हे त्या स्वरांनी जितके कळते तितके शब्दांनी क्वचितच कळते.

उकल मागे पडली

19 व्या शतकात उकल लांबत चालली. वाग्नर यांच्या 1865 मध्ये रंगमंचावर आलेल्या 'ट्रिस्टान उंड इसोल्ड'मध्ये आरंभीच्या तणावाची पुरती उकल होण्यास जवळजवळ सबंध संगीतिका जावी लागते. 1910 मध्ये क्लोद देब्युसी यांनी समुद्रात बुडालेल्या कॅथेड्रलच्या ब्रिटनी प्रांतातील दंतकथेवर पियानोची रचना केली. तिच्या प्रारंभी चतुर्थ-पंचमांच्या कॉर्ड जुन्या ऑर्गानुमसारख्या हारीने सरकत जातात. त्यांना कोठेही उतरायचे नाही. हजार वर्षांपूर्वी जो चौथा स्वर मानाचा होता तो जणू पाण्याखालून पुन्हा वर आला.

अमेरिकन जॅझने पुढचे पाऊल टाकले. हर्बी हॅन्कॉक यांच्या 1965 मधील 'मेडन व्हॉयेज' या रचनेत 'सेव्हन सस-फोर' जातीची एकेक कॉर्ड बराच वेळ धरून ठेवलेली आहे, आणि तिच्यानंतर येते ती तिच्याच जातीची दुसरी. उकल नाही, तशी घाईही नाही. विस्तीर्ण समुद्रावर जहाज निघाल्याचा भास होतो. येथे सस्पेंडेड कॉर्ड ही घटना उरली नाही, वस्तू झाली. नाव मात्र जुनेच राहिले. काही टांगलेले नसताना टांगलेल्याचे नाव धारण करणारी ही कॉर्ड आपल्या वह्यांत आली ती याच काळानंतरच्या लोकप्रिय संगीतातून, गिटारच्या संगतीने.

तळ बदलला की घर बदलते

आता इन्व्हर्शनकडे वळू. कारण वस्तू झालेल्या या कॉर्डचे सर्वांत मोठे गूढ तेथे आहे, आणि ते उलगडण्याची किल्ली आपल्या घरात आहे. सा, म, प आणि कोमल नी हे चार स्वर घ्या. मध्यम तळाशी ठेवा: म, प, कोमल नी, सा. मध्यमालाच षड्ज मानून वाचले तर हे सा, रे, म, प असे होते. जो मध्यम पाहुणा होता, तो तळाशी बसताच यजमान झाला. मूळचा षड्ज आता त्याचा पंचम होऊन त्याला आधार देतो. पंचम तळाशी ठेवला तर सा, कोमल ग, म, कोमल नी असे स्वर दिसतात आणि उदास छटा येते. कोमल निषाद तळाशी ठेवला तर सा, रे, प, ध असे दिसतात आणि छटा उजळते. तीन स्वरांच्या 'सस-फोर'चेही तसेच: सा-म-प चा मध्यम तळाशी नेला की ती मध्यमाची 'सस-टू' होते. रामो यांचा नियम असा की तळ बदलला तरी मूळ बदलत नाही. येथे तो लटपटतो. तळ बदलला की घरच बदलल्यासारखे होते.

आपल्याकडे या क्रियेला जुने नाव आहे, मूर्च्छना. स्वर तेच ठेवून षड्ज हलवायचा. वरील चार स्वरांत ऋषभ मिळविला, म्हणजे सा, रे, म, प, कोमल नी घेतले, तर ते मधमाद सारंगाचे स्वर झाले. मध्यमाला षड्ज मानले तर दुर्गाचे स्वर मिळतात. पंचमाला मानले तर धानीचे. कोमल निषादाला मानले तर भूपाचे. आणि ऋषभाला मानले तर मालकंसाचे. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे खरे. तरीही ज्या मराठी कानाला हे पाच राग निरनिराळे कळतात, त्याला सस्पेंडेड कॉर्डची इन्व्हर्शन निरनिराळी का भासतात हे समजायला पाश्चात्त्य ग्रंथाची गरज नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिले, अनेकस्वरी संगीताचे स्थान मान्य केले, आणि ज्या प्रदेशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिचा योग्य आदर व्हावा असेही सांगितले. या तिन्ही गोष्टी एका कॉर्डमध्ये भेटतात, हे आम्हांला विशेष वाटते.

आपल्या गायनवृंदांसाठी

ही विद्या आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण रुजले. त्या परंपरेत तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत आले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि 1958 मध्ये भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा एकत्र वाद्यवृंद उभारणारे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. रागातली चाल आणि तिच्याखालची हार्मनी यांचा मेळ कसा घालावा, हे या मंडळींनी कामातून दाखवून दिले.

आज कीबोर्डवर तीन-चार बोटे ठेवली की कॉर्ड तयार मिळते, आणि तयार मिळालेल्या वस्तूचा पूर्ववृत्तांत कोणी विचारीत नाही. त्यामुळे होते असे की, गीताच्या शेवटी वादक 'सस' वाजवितो, पण गायक थेट शेवटचा स्वर गातात; किंवा गायकांना लंबित स्वर दिलेला असतो आणि वादक त्याच वेळी गंधार वाजवून मोकळा होतो. दोन्ही प्रकारांत ऐकू येतो तो निव्वळ गोंधळ. उपाय साधा आहे. जेथे वहीत 'सस' लिहिले असेल तेथे तीन प्रश्न विचारावेत. हा स्वर आधीच्या कॉर्डमध्ये कोणाच्या गळ्यात होता? तो येथे कोणाशी अडतो? आणि तो कोठे उतरतो? तिन्हींची उत्तरे मिळाली तर ती जुनी घटना आहे. ज्याच्या गळ्यात तो स्वर आहे त्याला तसे सांगावे. उत्तरे मिळाली नाहीत तर ती नवी वस्तू आहे, केवळ रंगासाठी ठेवलेली. ती तशीच वाजवावी, पण उकलीची खोटी आशा लावू नये.

सांगण्याचे महत्त्व अशासाठी की, लंबित स्वर बहुधा आल्टो किंवा टेनर या मधल्या आवाजाला येतो. ज्या मुलीला तो गायचा असतो तिला, इतर हलले की, आपणच चुकलो असे वाटते. शेजारणीशी आपला सूर घासतो हे ऐकून ती बिचकते आणि ठोक्याच्या आधीच खाली सरकते. मग विसंवादही ऐकू येत नाही आणि उकलही. सरावाच्या वेळी तिला एवढेच सांगावे, की बाई, तू चुकलेली नाहीस. तू होतीस तेथेच आहेस. बाकीचे हलले आहेत, आणि त्यांनी हलणेही बरोबरच आहे. तू ठोका पडेपर्यंत थांब, तो घासू दे, मग एक पायरी उतर. एवढे कळलेली आल्टो सबंध गायनवृंदाला तोलून धरते.